पुरातलं रिकामं घर

भावोजी गेल्याचा फोन त्यांच्या शेजारच्या बाबल्याने केला, तेव्हा माझी थोरली बहीण अक्का कट्टा गावी माझ्या घरी बांगडे साफ करत होती. मी फोन तिच्या कानाला लावला. तिने एवढंच विचारलं, "खंय गेले? घरात काय पाण्यार?"

"घरातच, वयनी. रात्री निजले ते उठाकच नाय."

"बरा," म्हणून तिने हात धुतले आणि परसात जाऊन बसली... त्यानंतरच्या आठवड्यांत भावोजींवर पुष्कळ लिहून आलं. खाडीचा चित्रकार, पाण्याशी बोलणारा माणूस. पाण्याशी बोलत असतील. घरात बोलल्याचं मला आठवत नाही.

चित्रं चांगली होती, ते मी नाकारत नाही. कालावलच्या खाडीचं पाणी पहाटे राखेसारखं, दुपारी शेवाळी आणि सांजेला तांब्यासारखं दिसतं हे आम्हा बहिणींना जन्मापासून ठाऊक, पण ते रंगात धरलं त्यांनीच. त्यासाठी होडी घेऊन दिवसचे दिवस खारफुटीत पडून असत. भात, काजू, अंथरुणाला खिळलेली सासू, सगळं अक्काने ओढलं. एकदा मी तोंडावर म्हटलं, "भावोजी, कधी अक्काचंही चित्र काढा." ते हसले. "ती खंय एका जाग्यार रवता?" एका जागी बसायला तिला सवड कोणी दिली होती?

मग तो पूर आला. वरून नदी लोटत होती, खालून भरती चढत होती, पाणी ओटीवर आलं. भावोजींनी होडी थेट पडवीला लावली. अक्काला वाटलं, आपल्याला न्यायला. ते म्हणाले, "तू माळ्यार चढ. चित्रां भिजली तर गेली. मी ह्यो इलंय." होडीत अक्का आणि चित्रं दोन्ही मावणार नव्हती. चित्रं मेणकापडात गुंडाळून ते टेकडीवरच्या शाळेत पोचले आणि पाण्याला ओढ एवढी, की परत येता येईना. अक्का भाताच्या कणगीला धरून माळ्यावर बसून राहिली. शेवटी बाबल्याने कौलं काढून तिला आपल्या होडीत घेतलं. शाळेत आली, तर भावोजी चित्रं वाळत घालत होते. मान वर करून म्हणाले, "इलंस?"

सकाळी अक्का माझ्याकडे आली, ती कायमची.

त्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र त्यानंतरचं. अर्धं बुडालेलं घर, माळ्याची खिडकी काळीभोर. माणूस नसलेल्या घराचं एकाकीपण, असं कोणीतरी त्यावर लिहिलं. प्रदर्शनात चार माणसांसमोर मी विचारलं, "भावोजी, ह्या खिडकीत अक्का खंय आसा?" त्यांनी चित्राकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तिका घातली तर पाण्याकडे कोण बघतलो?" मी तिथून निघाले, ती त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... मग त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणाऱ्यांनी निदान खरं तरी लिहावं.

माझ्या घरातून खाडी दिसत नाही. तरी अक्का चहा गाळता गाळता मध्येच थांबते आणि म्हणते, "आता भरती लागली." संसारभर ती त्यांना हे सांगत आली, म्हणजे त्यांनी होडी काढावी. इतकी वर्षं मी ऐकून घेतलं. परवा मात्र राहवलं नाही. म्हटलं, "अगो, गेले ते. आता कोणाक सांगतंस?"

तिने कप माझ्यापुढे सरकवला. "खाडी काय तेंची एकट्याची होती?"