दाजी, बेल आणि हैदराबादचं पंख्याचं विमान

आपल्या संभाजीनगरहून हैदराबादला बस जाते, रेल्वे जाते आणि विमानही जातं. तिन्हींनी जाऊन झालंय माझं. या वेळी मात्र विमानच हवं होतं, आणि तेही एका ठरावीक दिवसाचं, कारण त्यात माझी भाची प्रज्ञा ड्यूटीवर असणार होती. तिकीट काढायचं होतं तिच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या दाजींचं. मी नुसता सोबतीला.

दाजी वैजापूरचे. तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरांनी धम्म घेतला तेव्हा दाजींच्या वडिलांनी गावकीची सगळी कामं एका दिवसात टाकली. कुणाच्या दारात वाढलेलं घ्यायचं नाही, कुणाचं उष्टं उचलायचं नाही. दाजी त्या घरात वाढलेले. कचेरीत साहेबाच्या टेबलावर शिपायाला बोलवायची बेल असते ना, ती एका नव्या साहेबानं दाजींसाठी वाजवली. दाजी जागचे हलले नाहीत. शेवटी साहेबच उठून त्यांच्या टेबलापाशी आले. वैजापुरात अजून हा किस्सा सांगतात.

अशा माणसाची पोरगी बीएस्सी झाली आणि विमानात लागली. लोकांना चहा देणार, रिकामे कप गोळा करणार! दाजी चारचौघांत सांगायचे, "हैदराबादला कंपनीत हाय." कसली कंपनी, कुणी विचारलं की पाऊसपाण्यावर यायचे. बापलेकीचं फोनवरचं बोलणं "जेवली का" एवढ्यावर आलं होतं. मग दाजींनी तिच्यासाठी वैजापूरच्या एका पतसंस्थेत जागा बघितली आणि परत ये म्हणाले. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, एकदा माझ्या विमानात बसा. त्याच्यानंतर तुम्ही म्हणाल तसं. सोड म्हणालात तर सोडते."

अक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, मला फोन केला. "माझे गुडघे काय तिथवर पोचू देत नाय. तू नेऊन आण त्यांना. आन तोंड जरा आवरून बोल."

तर असा हा प्रवास. तुम्ही घरच्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्यांदा विमानानं न्यायचं म्हणत असाल तर पुढचं कामी येईल.

महिनाभर आधी काढलं तर तिकीट एसी स्लीपर बसच्या दुपटीच्या आसपास पडतं. आयत्या वेळी काढाल तर विचारू नका. विमानतळ चिकलठाण्याला, गावाला लागूनच. सिडकोतून रिक्षा पुरते. अक्कानं आंब्याच्या लोणच्याची बरणी दाजींच्या हातातल्या पिशवीत दिली होती. तेल वर आलेलं लोणचं हातातल्या सामानात चालत नाही, हे मला माहीत असून मी पिशवी तपासली नाही. तपासणीच्या जवानानं बरणी बाजूला काढली. दाजी त्याला म्हणाले, "घरचं हाय, साहेब. खाऊन बघा." तो हसला, पण बरणी तिथंच राहिली. लोणचं मोठ्या सामानात टाका, ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट, या मार्गावर बहुतेक वेळा पंख्याचं छोटं विमान असतं. एका बाजूला दोन सीट, दुसऱ्या बाजूला दोन. चढायचं मागच्या दारानं. तिथं शिडीच्या वरच्या पायरीशी प्रज्ञा उभी होती. केसांचा घट्ट अंबाडा, कोट, छातीवर नावाची पट्टी. मला बघून डोळे चमकले, पण तोंडानं म्हणाली तेच जे सगळ्यांना म्हणत होती, "नमस्कार सर, स्वागत आहे." मग दाजींना, "नमस्कार सर."

सीटवर बसल्यावर दाजींनी पट्टा लावून घेतला. मग हळूच म्हणाले, "मला सर म्हणली."

"मग काय बाबा म्हणणार? ड्यूटीवर हाय ती."

"तसं नाय. उभ्या जन्मात मीच दुसऱ्यांना सर म्हणत आलो."

आता थोडं माझ्या धंद्याचं सांगतो, कारण पुढं त्याचाच उपयोग झाला. जालना रोडच्या एका हॉटेलात पाण्याचे ग्लास वाटण्यापासून मी सुरुवात केली. आज शेंद्र्याला दोन कारखान्यांची कॅन्टीन चालवतो. इतक्या वर्षांत एक शिकलो, गिऱ्हाईक काय खातंय याच्याआधी ते हाक कशी मारतंय ते ऐकायचं. कुणी चमच्यानं ग्लास वाजवतं, कुणी "शुक् शुक्" करतं, कुणी "ओ मालक" म्हणतं. शुक् शुक् करणारा बिलाच्या वेळी हमखास कटकट करतो.

विमान वर स्थिरावलं, पट्ट्याचा दिवा विझला, आणि माझ्या कानांनी काम सुरू केलं. पुढच्या रांगेत हातात सोन्याचं कडं घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी चुटकी वाजवली. "ए, हॅलो! कॉफी!"

दाजींची बोटं सीटच्या हातावर घट्ट झाली.

प्रज्ञा मागच्या रांगेतल्या आजींना बाटलीचं झाकण उघडून देत होती. तिनं मान वळवली आणि म्हणाली, "यांचं झालं की तुमच्याकडेच येते, सर." आवाज गोड होता, पण ती हलली नाही. आजींचं झालं, मगच गेली. कडंवाल्यांच्या कानात हेडफोन. ती विचारतेय, हे "काय? काय?" करतायत. शेवटी हेडफोन काढला. ती पैसे घेऊन जाईपर्यंत यांना आठवलं की साखर जास्त हवी. ती आली, गेली, तर बिस्किट हवं. मी मोजत नाही, पण माझ्या कॅन्टीनमध्ये असता तर मी स्वतः जाऊन त्याच्या टेबलावर साखरेचा डबाच ठेवला असता. मंडळी, काय हवं ते एकदाच सांगा. आणि बोलताना कानातलं काढा. एवढ्यानं त्या पोरींचा निम्मा दिवस सोपा होतो.

डोक्यावर दिव्याशेजारी माणसाचं चित्र असलेलं एक बटण असतं. ते दाबलं की टिंग वाजतं. कडंवाल्यांनी ते दाबलं. रिकामा कप द्यायला!

टिंग वाजलं तसे दाजी दचकले. "बेल हाय हितं?"

"हाय. काही लागलं तर दाबायची."

"कचेरीतली बेल इथपर्यंत आली म्हण की." ओठ कोरडे पडले होते त्यांचे. दुपारची उन्हं, तपासणीची रांग, लोणच्याचा झालेला घोळ. पाणी घेतलंच नव्हतं.

"पाणी सांगू का, दाजी?"

"नको."

"घरी तर रोज मागत होता तिला. 'पोरी, पाणी आण.'"

"घरी ती पोरगी हाय. हितं नोकर हाय."

अक्कानं तोंड आवरायला सांगितलं होतं, म्हणून मी गप्प बसलो. पण मनात म्हटलं, संपलं. पोरीची नोकरी या पुढच्या रांगेच्या चुटकीनं खाल्ली.

उतरायच्या आधी प्रज्ञा कचऱ्याची पिशवी घेऊन फिरायला लागली. एकेक जण कप, कागद, बिस्किटाची वेष्टनं तिच्या पिशवीत टाकत होता. काही जण तर मान न वळवता, नुसता हात बाहेर. ती पुढच्या टोकाला होती, आमच्यापर्यंत आली नव्हती. दाजी बघत होते आणि त्यांना ते बघवत नव्हतं. आणि मग ते त्यांनी केलं, जे फक्त आमचे दाजीच करतील. त्यांनी माझा कप घेतला, पलीकडच्या जोडप्याचे दोन कप "द्या, द्या इकडं" म्हणून घेतले, पट्टा सोडला आणि मागच्या बाजूला चालू लागले. पोरीच्या हातात उष्टं पडू नये म्हणून बाप स्वतः टाकून येणार होता.

तेवढ्यात पट्ट्याचा दिवा लागला. विमान ढगात शिरलं आणि एक चांगलाच गचका बसला. दाजी मधल्या वाटेत, एका हातात कप, दुसऱ्या हातानं सीट धरलेली. पुढं कडंवाले पण उभेच. त्यांना वरच्या कप्प्यातून चार्जर हवा होता.

"सर, बसून घ्या."

आवाज प्रज्ञाचा होता. आमच्या घरात हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"एक मिनिट मॅडम, फक्त चार्जर..."

"एक मिनिट नाही, सर. आत्ता. कप्पा बंद करा आणि बसा."

कडं खाली आलं. कप्पा बंद झाला. मनुष्य बसला. मग ती सरळ दाजींकडे आली. दुसरा गचका बसला तरी तिचे पाय जागच्या जागी. "सर, तुम्हीपण. बसा."

दाजी तोंड उघडून काही सांगणार होते. "अगं मी तर..."

"नंतर. बसा आधी."

दाजी बसले. तिनं कप घेतले, पट्टा लावला, ओढून बघितला आणि मागं जाऊन स्वतःच्या सीटवर स्वतःचे पट्टे बांधून बसली. एकाही माणसानं पुढं उठायचं नाव काढलं नाही.

थोड्या वेळानं दाजी माझ्या कानाशी आले. "आरं, त्यो कडंवाला बसला की रे गपकन."

"तुम्हीपण बसलात."

"व्हय. बसावंच लागलं."

हैदराबादचं विमानतळ शहरापासून लांब आहे. टॅक्सीपेक्षा विमानतळाची एसी बस घ्या, स्वस्त पडते आणि सामानाला जागा असते. प्रज्ञा आणखी दोन मुलींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. संध्याकाळी तिनं खिचडी टाकली, अक्काची शेंगदाण्याची चटणी मोठ्या सामानातून सुखरूप आली होती. जेवताना दाजींनी विषय काढला.

"मला सांग, तुझं काम नेमकं काय?"

"विमानात आग लागली, धूर झाला, तर लोकांना बाहेर काढायचं. कुणाला चक्कर आली, श्वास अडकला, तर बघायचं. त्याच्यासाठी ट्रेनिंग असतंय बाबा. तसं रोज होत नाही, म्हणून मधल्या वेळात चहा."

"आन बाहेर कसं काढता?"

प्रज्ञा उठली. फ्लॅटच्या हॉलमध्ये उभी राहून तिनं असा काही आवाज काढला, "पट्टे सोडा! सामान टाका! इकडून या!" की वरच्या मजल्यावरून कुणीतरी तेलुगूत ओरडलं. मैत्रिणी पोट धरून हसायला लागल्या. दाजी पण हसले. "आमचा तहसीलदार असा ओरडला असता तर निम्म्या फाइली आपोआप निघाल्या असत्या."

मग गंभीर झाले. "लोकं बोलवतात कशी, ते मला आवडलं नाय. चुटक्या वाजवतात."

"मलापण नाही आवडत. पण मी चुटकीला जात नाही बाबा. माझं हातातलं काम झालं की जाते. तुम्ही कचेरीत जात होता का बेलीला?"

दाजींनी तिच्याकडे बघितलं. हा किस्सा तिला कुणी सांगितला, असं माझ्याकडेही बघितलं. मी चटणी घेतली.

दुसरा दिवस फिरण्याचा. चारमिनारला सकाळी लवकर जा, दुकानं उघडायच्या आत, तरच दगडकाम निवांत बघता येतं. मग इराणी चहा आणि खारी-गोड बिस्किटं. दाजींच्या कचेरीतल्या निजामाच्या वेळच्या दप्तरात उर्दूच उर्दू, त्यामुळं चारमिनारच्या गल्लीत ते माझ्यापेक्षा जास्त रमले. बांगड्यावाल्याशी "क्या मियाँ, सुबू सुबू इत्ता महँगा?" करून त्यांनी अक्कासाठी लाखेच्या बांगड्या निम्म्यात घेतल्या. बिर्याणी दुपारी खा, आणि दोघांत एकच मागवा, वाढतात फार.

इराणी हॉटेलातच प्रज्ञानं विचारलं. "मग बाबा? तुम्ही म्हणाल तसं, म्हणाले होते मी."

दाजींनी बशीतला चहा संपवला. फोन काढला, चष्मा वर केला, पतसंस्थेच्या चेअरमनला लावला. "नमस्कार. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. नाय, नाय, पगाराचं नाय. पोरगी हितं कामात हाय. तिच्याबिगर भागायचं नाय त्यांचं."

प्रज्ञा खिडकीबाहेर बघत राहिली. मी आणखी तीन चहा सांगितले, हात वर करून, शुक् शुक् न करता.

परतीच्या विमानात प्रज्ञा नव्हती, दुसऱ्याच मुली होत्या. दिवा विझल्यावर दाजींनी वर बघितलं, ते बटण बघितलं, परत हात खाली घेतला. मग पोरगी चहापाण्याची गाडी घेऊन शेजारून जाताना म्हणाले, "बाळ, हातातलं झालं की जरा पाणी. घाई नाय."

तिनं पाणी दिलं. दाजींनी ग्लास रिकामा केला, तिची पिशवी आल्यावर स्वतःच्या हातानं त्यात टाकला आणि म्हणाले, "माझी पोरगी पण तुमच्यातलीच हाय. हैदराबादला असती. प्रज्ञा." ती पोरगी थांबली, "अय्या, प्रज्ञाचे बाबा!" म्हणाली, आणि दाजी उतरेपर्यंत खिडकीपेक्षा मागच्या पडद्याकडेच जास्त बघत होते.

घरी आल्यावर लोक विचारतात, काय आणलं? मी बिस्किटं आणली, ती संपली. राहिलं ते एवढंच. आठवड्यानं मी वैजापूरला दाजींकडे गेलो होतो, दोघं बाजारात निघालो. मार्केट यार्डाच्या फाटकाशी त्यांचे जुने सहकारी भेटले, कांद्याचे भाव काढून झाले, आणि नेहमीसारखं विचारलं, "पोरगी काय करती हो हल्ली? कंपनीत ना?"

मी दाजींकडे बघितलं.

"विमानात हाय," दाजी म्हणाले. "बस म्हणली की हातात सोन्याचं कडं असलेला माणूस पण खाली बसतो. मला सुदिक बसवलं तिनं."