टॅबची बेगमी

"ऑर्डर नाहीत, मग शेड भरून माणसं काम कशी करताहेत?" आमच्या ऑफिसातून सरांनी फोनवर विचारलं. मी आटगावजवळच्या एका कारखान्यात उभी होते. मे महिना, वर पत्रा तापलेला. समोर तीसेक बाया टॅबना स्क्रीन बसवत होत्या आणि कुणाचा हात थांबत नव्हता.

"ऑर्डर येणार असतील, सर. उगाच कोण माल बनवेल?" मी म्हटलं. हे वाक्य मला अजून छळतं.

आमची फर्म पडलेल्या कंपन्यांत पैसे गुंतवते. लॉकडाउनमध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा मुलांच्या टॅबना तुफान मागणी आली. शाळा उघडल्या आणि ती ओसरली. अशा वेळी कंपनी पडेल भावात मिळते. ती पुन्हा उभी राहिली तर फायदा. याला आम्ही टर्नअराउंड म्हणतो. उभी राहील का, हे जाऊन बघणं माझं काम.

मालक सुनीलदादा मुरबाडकडच्या शेतकरी घरातले. सुपरवायझर रंजनाताई जवळच्याच पाड्यावरची. तिला विचारलं, "एवढी घाई कसली?"

"लावनी येतेय ना मॅडम. मंग मयनाभर कोन नाय येत कामाला. म्हनून दादा आदीच माल करून ठेवतात. दर साली असाच."

म्हणजे पावसाळ्याची बेगमी. घरात तांदूळ, लाकूडफाटा भरावा तसे टॅब भरणं चाललं होतं. बेगमी करताना कुणी गिऱ्हाईक शोधत नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं. मी मात्र रिपोर्टात लिहिलं: नियोजन उत्तम, कामगार टिकून. खरं सांगते, मला कौतुक वाटलं होतं.

फर्मने पैसे घातले. दादांनी त्यातून आणखी सुटे भाग आणले आणि पत्र्यापर्यंत खोकी रचली. पाऊस लागला, बाया शेतात गेल्या. जाताना रंजनाताई म्हणाली, "लावनी आटपली का येतो आमी. मशिनींवर कापड टाकलंय."

नव्या वर्षाच्या शाळा सुरू झाल्या, पण माल न्यायला एकही टेम्पो आला नाही. दुकानदार फोन उचलेनात. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तिथून मालाची शेवटची गाडी कधी भरली, विचारलं होतंस?"

"नाही सर."

"मग आता बंद करून ये."

दादांबरोबर शेडला कुलूप लावायला गेले, नेमक्या त्याच सकाळी त्या आल्या. ठरल्याप्रमाणे सगळ्या, एकही कमी नाही. पायांना चिखल्या, हातात डब्याची पिशवी. दादा गाडीतून उतरलेच नाहीत. मलाच सांगावं लागलं.

रंजनाताईने डब्याची पिशवी खाली ठेवली. मग तिने विचारलं, "आमी लावनीला गेलो म्हनून काय, मॅडम?"

"नाही हो. तुमचं काही चुकलं नाही." तिला ते पटलं नसावं. मला तिच्याकडे बघवेना.

आता कुठल्याही कारखान्यात गेले की आधी माल निघतो त्या मागच्या दाराला जाते आणि शेवटची गाडी कधी भरली ते विचारते. काम करणारे हात नंतर बघते. ते बहुतेक ठिकाणी चांगलेच असतात.