मागच्या इंजिनाची पूजा

आमच्या घरात तीन म्हातारे आहेत : अप्पा, अण्णाची गाडी आणि माझी गाडी. त्यांपैकी बिनतक्रार चालतात ते फक्त अप्पा.

दोन्ही गाड्या जर्मन. अप्पांनी तरुणपणी हौसेने घेतल्या आणि पुढे आम्हा दोघा भावांच्या गळ्यात मारल्या. थोरल्या अण्णाची लांबलचक, डिझेलची. किल्ली फिरवून इंजिन आतून तापेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात अण्णाची दाट दुधाची डिग्री कॉफी पिऊन होते. माझी बुटकी, पाठीला पोक आलेली. तिचं इंजिन मागे आणि डिकी पुढे. इंजिन वाऱ्यावर थंड होतं, त्यामुळे रेडिएटरच नाही. "पाणी नको, काही नको," हे मी कुंभकोणमातल्या प्रत्येक माणसाला निदान दोनदा सांगितलं आहे. (बायकोला किती वेळा, ते तिला विचारा. नको, विचारू नका.)

गेल्या वर्षी अप्पा आमच्या इकडच्या जुन्या मराठीत म्हणाले, "एक गाडी विकून टाका. अंगणांत ह्या दोन बाळंतिणी, मी चालूं कोठें?"

मी जाऊन माझ्या गाडीला टेकून उभा राहिलो. रविवार घालवायला मला दुसरं काही येतच नाही.

पुतणीच्या लग्नासाठी समयांच्या गावाहून, नाचियार्कोविलहून, छातीइतकी उंच पितळी समई आणायची होती. अप्पांनी ठरवलं, दोघांनी आपापल्या गाडीने जायचं. जी गाडी धडपणे समई घेऊन येईल ती राहील. मी आठवडाभर ऑइल बदललं, प्लग पुसले, कंबर धरून बसलो. अण्णाने फक्त काच पुसली.

निघताना रीतीप्रमाणे चाकांखाली लिंबं ठेवली, कापूर लावला. अण्णाच्या गाडीला पुढून हार घातला. माझ्या गाडीपाशी अप्पा थबकले.

"इंजिन कोठें आहे?"

"मागे."

"मग पूजा कोणाची करूंलालास? डिकीची?"

बरोबर होतं. मी मोगऱ्याचा मनगटाएवढा जाड हार मागच्या जाळीवर घातला, सुटू नये म्हणून तीन गाठी मारल्या आणि उरलेल्या फटींत चंदन थापलं.

बायको म्हणाली, "अहो, तिथूनच वारा जातो म्हणत होता ना?"

"देवाच्या फुलांनी काय होतंय," मी म्हणालो.

सुरुवातीला मीच पुढे होतो. भाताची शेतं लागली तसा मोगऱ्याचा सुवास आला. मग शिजलेल्या मोगऱ्याचा. मग धूर! गाडी एक उसासा टाकून थांबली, आणि खरं सांगतो, मलाही तेच करावंसं वाटलं.

बांधावरचा एक शेतकरी घागर घेऊन आला. "तण्णी ऊत्तट्टुमा?" पाणी ओतू का, असं तो विचारत होता.

"हिला पाणी लागत नाही," हे मी आयुष्यात पहिल्यांदाच मान खाली घालून सांगितलं.

मागून अण्णा आला. जाळीत अडकलेली फुलं पाहिली आणि डिकीतून जाडजूड दोर काढला.

"दोर कशाला आणलास?"

"तूं येऊंलालास म्हणून," तो म्हणाला. "थांब. समई घेऊन येतों, मग बांधतों तुला."

परतताना पुढे अण्णा, त्याच्या मागच्या सीटवर आडवी समई आणि दोराच्या टोकाला मी. वाटेत बसमधले लोक वाकून बघत होते. इतका दमलो होतो की लाजायचंही राहून गेलं.

घरी मेकॅनिकने जाळीतून शिजलेला मोगरा उपसला. अर्ध्या तासात गाडी ठणठणीत सुरू झाली.

अप्पा म्हणाले, "गाडींत खोट नाहीं." मी जरा ताठ झालो. "ओढणारी राहूं दे. हीही राहूं दे. दोघींच्या किल्ल्या अण्णाला द्या."

"पण एक कमी करायची होती ना?" मी विचारलं.

अप्पांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुला विकत कोण घेईल?"

आता नाचियार्कोविलला जायचं झालं तर मी बसने जातो. सीट मिळते, वारा लागतो. आणि बसच्या ड्रायव्हरला आमच्या घरून सक्त ताकीद आहे, हार दिला तर माझ्या हातून घ्यायचा नाही.