स्वाहिलीतून वडिवळ्यात

फोन आला तेव्हा तळेगावला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. मुलं ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होती आणि मी एका मुलीच्या मागे उभी राहून रंग कधी बदलतो ते बघत होते. अॅप्रनच्या खिशात फोन वाजला, पडद्यावर उमाताईंचं नाव. अर्ध्या तासापूर्वीच आमचं बोलणं झालं होतं. लोणावळ्यात बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी विचारलं होतं, पुस्तकाच्या मसुद्याची पानं दोन्ही बाजूंनी काढू की एकाच? मी म्हटलं होतं, एकाच बाजूनं काढा, मागची बाजू दुरुस्तीला राहते. आणि प्रॅक्टिकल चालू आहे, नंतर बोलते, असं सांगून फोन ठेवला होता. त्यामुळे आता परत फोन बघून मी जरा त्रासूनच म्हणाले, "आता काय राहिलं, उमाताई?"

पलीकडे पुरुषाचा आवाज होता. "तुम्ही सुजाता मॅडम का? या बाईंनी शेवटचा फोन तुम्हालाच लावला होता... म्हणून तुम्हाला लावला." मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. "शेजारचे डॉक्टर येऊन गेले. बाई नाही राहिल्या."

मी फोन ठेवला आणि समोरच्या मुलीला म्हणाले, रीडिंग लिहून घे. तिच्या फ्लास्कमधलं पाणी गुलाबी झालं होतं. तिनं रीडिंग लिहिलं, मी ते बघून बरोबर आहे म्हणून सांगितलं, आणि मग मला स्टूलवर बसावं लागलं... आज पाच आठवडे होऊन गेले. त्या दोन-तीन मिनिटांत मी अशी कशी वागले, हे मला अजून समजत नाही.

लोणावळ्याला पोचेपर्यंत मी मनाशी हेच घोकत होते की काहीतरी चूक झाली असेल, दुसऱ्याच कुणा बाई असतील, उमाताई फोन दुकानात विसरून गेल्या असतील. दुकानाच्या पायरीवर त्यांच्या चपला दिसल्या आणि ते संपलं. आत चपला घालून येऊ नये अशी पाटी होती, म्हणून त्यांनी बाहेरच काढून ठेवल्या होत्या, नीट, भिंतीला लावून. दुकानदार बिचारा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. बाई स्टुलावर बसल्या, पाणी मागितलं, अर्धा ग्लास प्यायल्या आणि डोकं भिंतीला टेकलं. त्याला वाटलं, डोळा लागला असेल. "एकाच बाजूनं काढायची होती ना मॅडम, म्हणून वेळ लागत होता," तो म्हणाला. त्यानं ते सहज सांगितलं. दोन्ही बाजूंनी काढली असती तर पानं लवकर झाली असती, त्या लवकर घरी पोचल्या असत्या, एवढंच. डॉक्टरांनी नंतर मला समजावलं की हृदय थांबायचं ते घरीही थांबलंच असतं. मला ते पटतं. पण त्यानं काही फरक पडत नाही.

डॉ. उमा खांबेटे म्हणजे कोण, हे पुण्यातल्या त्यांच्या क्षेत्रातल्या लोकांना सांगायला नको. जीवरसायनशास्त्राच्या संशोधक, आयुष्यभर रक्तातलं लोह हा त्यांचा विषय. तरुणपणी एका परदेशी मदतसंस्थेच्या कामावर त्या तीन वर्षं टांझानियात होत्या. तिथल्या प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या बाईकडून त्या स्वाहिली शिकल्या, आणि तिथल्याच एका शाळामास्तरणीच्या गोष्टी त्यांनी पुढे थेट स्वाहिलीतून मराठीत आणल्या. पण मला त्या भेटल्या त्या यातल्या कुठल्याच कारणानं नाही. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. वडील देहूरोडच्या डेपोत कामाला, आई वडिवळ्यात आमची भाताची चार खाचरं बघायची, आणि मी नोकरी शोधत होते. कामशेतच्या आसपासच्या गावांत बायकांच्या रक्तात लोह का कमी आहे याचा अभ्यास सुरू होणार होता. गावातल्या बायकांशी बोलायला गावातलीच शिकलेली मुलगी हवी होती. ती मी.

पहिलं शिबिर आमच्या बुद्धविहारातच होतं. प्रत्येक बाईकडून आधी संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा होता. त्यात एक वाक्य असं होतं, की सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर कारण न देता संशोधनातून माघार घेण्याचा अधिकार राहील. मी ते मोठ्यानं वाचलं. रांगेत पहिली माझी आईच होती. तिनं मला पुन्हा वाचायला लावलं, आणि मग माझ्याकडे न बघता थेट उमाताईंना विचारलं, "न्हाई म्हणलं, तर पुढं सरकारी दवाखान्यात आमाला घेत्याल का न्हाई?"

उमाताईंनी पेनाला टोपण लावलं. कागद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या की हे वाक्य त्यांनीच लिहिलंय आणि त्यात नेमकं हेच सांगायचं राहिलंय. त्या दिवशी त्यांनी कुणाचंही रक्त घेतलं नाही. बरोबरचे डॉक्टर चिडले, गाडी रिकाम्या नळ्या घेऊन पुण्याला परत गेली. त्या मात्र आमच्या घरी थांबल्या आणि दिवे लागेपर्यंत आईशी बोलून अख्खं संमतीपत्र नव्यानं लिहिलं. त्यात आईच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं आलं : नाही म्हणालात तरी दवाखान्यात तुम्हाला पूर्वीसारखंच बघतील. मी तोवर पुष्कळ शिकलेली माणसं आमच्या गावात येऊन बोलून जाताना पाहिली होती. आपलं वाक्य आमच्यापैकी कुणाच्या सांगण्यावरून खोडणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच कामात पुढे अभ्यासाला पैसे देणाऱ्या संस्थेकडून पौष्टिक पिठाची पाकिटं आली. गोड पीठ, दुधात किंवा पाण्यात कालवून खायचं. बायका खायच्या त्याहून जास्त पोरं खायची. मी दर आठवड्याला घरोघरी ती वाटत होते, कान्ह्यापासून वडिवळ्यापर्यंत सगळे मला पीठवाली म्हणून ओळखायला लागले होते. आणि वर्षभरानं रक्त तपासलं तर आकडे जिथल्या तिथं. सगळ्यांनी बायकांना दोष दिला. खात नसतील, विकत असतील, असं बोललं गेलं. उमाताईंनी गोदामातली पाकिटं उचलून स्वतःच्या प्रयोगशाळेत नेली. लोह बरोबर होतं. पण ते अंगी लागायला मदत करणारं जे क जीवनसत्त्व पाकिटावर छापलं होतं, ते आमच्या पत्र्याच्या गोदामातल्या दमट हवेत जवळजवळ सगळं नष्ट झालं होतं. त्यांनी संस्थेला कळवलं. संस्था म्हणाली, पुढचा टप्पा मंजूर होईपर्यंत गप्प राहा. त्यांनी निष्कर्ष छापला.

पुढचा टप्पा आलाच नाही. चांगली पाकिटं यायच्या ऐवजी सगळीच पाकिटं बंद झाली, आणि या कामावरच्या आम्हा गावोगावच्या मुलींचं कामही. उमाताई स्वतः गावात सांगायला आल्या, दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. विहारातच सगळ्या बायका बसल्या होत्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. त्यांचं बोलून झाल्यावर आई म्हणाली, "पीठ गोड व्हतं. पोरं खात व्हती. तुमी ते बी बंद केलंत."

"बंद व्हावं म्हणून नव्हतं केलं मावशी. चांगलं मिळावं म्हणून केलं."

"मग मिळालं का?"

उमाताई म्हणाल्या, "नाही."

त्या उठल्या, बायकांना नमस्कार केला आणि रस्त्यापर्यंत एकट्या चालत गेल्या. मी त्यांना सोडायला गेले नाही. मला वाटत होतं, खरं बोलायची चैन या बाईंना परवडते, त्यांची पक्की नोकरी आहे. पुढे दोन वर्षं मी त्यांचा फोन उचलला नाही. एम.एस्सी. केलं, कॉलेजात लागले. आज मला कळतं की त्यांनी जे केलं तेच करायला हवं होतं. पण त्या दिवशीची आईही चुकली नव्हती. या दोन्ही गोष्टी मी त्यांच्यापाशी कधी बोलले नाही. सावकाश बोलू, असं वाटायचं.

दोन वर्षांनी त्या एक दिवस आमच्या स्टाफरूमच्या दारात उभ्या. मागचा विषयसुद्धा नाही. पिशवीतून त्या गोष्टींच्या भाषांतराची टाइप केलेली पानं काढली आणि म्हणाल्या, "या माझ्या टांझानियातल्या बायका सगळ्या पुण्यातल्यासारख्या बोलतायत. मला ऐकवत नाही. मदत करशील?"

मी पानं ठेवून घेतली. का ठेवून घेतली, ते मला सांगता येणार नाही. महिनाभर बसून त्या शेतकरी बायकांचं बोलणं मी आमच्या बोलीत बदललं, आणि मग सगळं एकत्र वाचलं तेव्हा मला राग आला. लोणावळ्याला त्यांच्या घरी जाऊन मी तो बोलून दाखवला. गरीब बाई तोंड उघडते तेव्हा आमची भाषा, आणि गोष्ट सांगणारी मात्र तुमच्या शुद्ध मराठीत, हे असं का? त्यांनी चहा केला, पानं परत ठेवून घेतली. मला वाटलं, संपलं.

काही आठवड्यांनी फोन आला. पहिली गोष्ट त्यांनी सुरुवातीपासून नव्यानं केली होती. म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. ती मास्तरीण शेतकऱ्याची मुलगी. ती माझ्यासारखी का बोलेल? ती तुझ्यासारखी बोलेल."

"पण मी तर आता तुमच्यासारखीच बोलते," मी म्हटलं.

त्या हसल्या. आणि त्या हसण्यातून आमची खरी मैत्री सुरू झाली असं मला वाटतं. त्यानंतर आम्ही दोघी महिन्यातून एकदा वडिवळ्याला जायचो. ओसरीवर आई तांदूळ निवडत असायची, उमाताई वाचायच्या आणि आई मधेच थांबवायची. असं कोन बोलतं? असं न्हाई म्हनत आमी. आईनं एकदाही पिठाचा विषय काढला नाही. मात्र उमाताई निघाल्या की रस्त्यापर्यंत सोडायला ती स्वतः जायची, दर वेळी. पहिला संग्रह निघाला तेव्हा काही जाणकारांना त्यातली भाषा खटकली. एकानं लिहिलं की मूळ गोष्टी आफ्रिकेतल्या, त्या मावळात कशाला आणल्या? उमाताईंनी ते कात्रण मला दाखवलं आणि म्हणाल्या, पुण्यात आणल्या असत्या तर यांनी विचारलं नसतं.

त्या दिवशी झेरॉक्स काढत होत्या तो दुसरा संग्रह. अंत्यसंस्कार झाल्यावर मी आईला फोन केला. सांगितलं. तिनं विचारलं, "आजारी व्हत्या का?" मी म्हटलं, "न्हाई." कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून असा शब्द आला, आणि मला रडू फुटलं. तोपर्यंत मी रडले नव्हते. दुसऱ्या दिवशी आई लोणावळ्याला आली. उमाताईंचे धाकटे भाऊ पुण्याहून आले होते, त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली की तुमच्या बहिणीनं मला एकदा खरं सांगितलं व्हतं, तवा मी तिला लय लागंल असं बोलले. भावांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तिचा हात हातात घेतला. मी खिडकीपाशी उभी राहून ऐकत होते. मी जे सावकाश बोलणार होते, ते आई बोलून मोकळी झाली... आणि ऐकायला ज्यांनी असायला हवं होतं, त्या नव्हत्या.

शेवटची गोष्ट अर्धीच झाली आहे. प्रकाशक म्हणतात, तेवढी वगळून पुस्तक काढू. मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला स्वाहिली येत नाही. भावांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली आहे, म्हणून रविवारी मी जाते, त्यांच्या टेबलाशी बसते आणि त्यांचा जाडजूड स्वाहिली शब्दकोश उघडते. पाठीला कापडी पट्टी चिकटवलेला, टांझानियात घेतलेला. त्याच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी शब्द आहेत. काही शब्दांपुढे लिहिलंय, सुजाताला विचार. काहींपुढे, सुजाताच्या आईला विचार. विचारून झालं की त्यापुढे त्या बरोबरची खूण करायच्या. जवळजवळ सगळीकडे ती खूण आहे.

अर्ध्या राहिलेल्या गोष्टीतल्या पुढच्याच वाक्यात एक शब्द आहे, बराझा. कोशात शोधला. घराबाहेर भिंतीला लागून बांधलेली, येणाऱ्याजाणाऱ्यानं बसायची जागा. समासात लिहिलंय, सुजाताला विचार. पुढे खूण नाही. विचारायचं राहून गेलं असणार. आमच्याकडे त्याला ओटा म्हणतात. रिकाम्या घरात मी ते मोठ्यानं म्हणाले, आणि मग माझ्याच आवाजानं दचकले. शब्द मी कागदावर लिहून घेतला आहे. कोशात खूण त्याच करायच्या, म्हणून ती जागा मी तशीच ठेवली आहे.