चित्र हवं, आवाज नको

शनिवारी दुपारी जळगावात फोन टीव्हीला जोडायची वायर घ्यायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "आवाज टीव्हीतून पाहिजे का फोनमधून?" मी म्हटलं, आवाज नसला तरी चालेल. चित्र हवं.

त्याने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं...

त्याचं काय आहे, अक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या आत्याला, जन्मापासून ऐकू येत नाही. ती आमच्याकडेच असते. तिची धाकटी बहीण सुमनआत्या धुळ्याला. गावी, असोद्याला, लहानपणी दोघींनी मिळून हातांची एक भाषा तयार केली. कुठल्या शाळेत शिकवतात ती नव्हे, दोघींची. केळीचा घड, भांडकुदळ शेजारीण, खोटं बोलणारा माणूस... सगळ्यांना त्यात खूण आहे. आम्हा बाकीच्यांना जेवण, औषध आणि झोप, एवढंच येतं.

सुमनआत्या दर महिन्याला एसटीने यायची. चार दिवस दोघी समोरासमोर बसून बोलायच्या. तीन महिन्यांपूर्वी तिचा पाय मोडला आणि येणं थांबलं.

व्हिडिओ कॉल करून पाहिला. पण अक्काची नजर आता अधू झाली आहे. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर बोटं कुठली आणि पदराची किनार कुठली, तिला कळेना. ती फोन पालथा ठेवून द्यायची. हळूहळू तिचे हात दिवसभर मांडीतच राहू लागले. घरात माणसं होती, पण बोलायला कोणी नव्हतं...

मग टीव्ही सुचला. आधी वायरशिवाय जोडून पाहिलं, टीव्हीत ती सोय होती. पण चित्र मागे पडायचं, मध्येच गोठायचं. सुमनआत्याचा हात हवेत अडकायचा आणि अक्का अर्ध्या वाक्यावर वाट पाहत बसायची.

म्हणून वायर.

दुकानदाराने फोनच्या टाईप-सीला लावायचा एचडीएमआयचा अडॅप्टर काढला आणि दुकानातल्या टीव्हीला माझा फोन जोडला. पडद्यावर 'नो सिग्नल'. मग स्वतःचा फोन जोडला. लगेच चित्र.

"भाऊ, भोक सारखंच दिसतं. पण चार्जिंग होऊन राह्यली म्हणून चित्र बी येईन असं नसतं."

"मग दुसरी वायर द्या."

"वायर हीच. फोन दुसरा पाहा."

बायकोच्या फोनचं मॉडेल सांगितलं. त्याने नेटवर शोधलं आणि मान डोलावली. त्या फोनमधून चित्र बाहेर निघत होतं.

घरी आल्यावर हे सांगितलं, तर बायको म्हणाली, "माझ्या फोनला वीट म्हणायचात ना? घ्या, आता विटेच्या पाया पडा."

केबलची लांबी मात्र मी नीट विचार करून निवडली होती. पाच मीटर. दुकानदार दीड मीटरची देत होता. पण फोन अक्काच्या हाताशी नको का... मी स्वतःवर खूश होतो.

रविवारी सकाळी अक्काच्या खुर्चीशेजारी स्टूल ठेवलं, त्यावर स्टँडमध्ये फोन. कॉल लागला. टीव्हीवर सुमनआत्या आली, हाताएवढा हात, बोटाएवढं बोट. अक्का ताठ बसली. तिचे हात मांडीतून वर आले.

तेवढ्यात टीव्हीतून सुमनआत्याच्या सुनेचा आवाज आला. "भाऊ, अक्काना नुसता कान दिखी ऱ्हायना! तोंड दखाडा ना!"

अक्का बघत होती टीव्हीकडे, आणि फोन होता तिच्या बाजूला; धुळ्याला दिसत होता तो फक्त तिचा कान. मी फोन समोर आणला, तर तो टीव्हीच्या आड आला. खाली धरला, तर धुळ्याला म्हणे नुसत्या नाकपुड्या. इकडे मी वायर घेऊन खुर्चीभोवती फिरत होतो आणि तिकडे सुमनआत्याने हात खाली घेतले. अक्काने ते पाहिलं. आता ही उठून आत जाणार, असं मला वाटलं.

ती उठलीच. पण आत नाही गेली. माझ्या हातातून फोन घेतला, टीव्हीपाशी गेली आणि खालच्या फळीवर तांब्याला टेकवून, तोंड खुर्चीकडे करून ठेवला. परत येऊन बसली. सुमनआत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पलीकडून लगेच हात वर आले.

आम्ही भाजी निवडताना बोलतो, पाठमोरे उत्तर देतो, दुसऱ्या खोलीतून ओरडतो. अक्का सत्तर वर्षांत एकदाही तशी बोललेली नाही. जिच्याशी बोलायचं तिच्या डोळ्यांत पाहायचं. मग फोन त्या डोळ्यांजवळच हवा, हे तिला कळायला वेळ लागला नाही. मला लागला... पाचातली साडेतीन मीटर केबल टीव्हीखाली वेटोळं होऊन पडली.

थोड्या वेळाने अक्का कमरेत वाकून, हातात काहीतरी धरल्यासारखं करून, खुर्चीभोवती गोल फिरली. टीव्हीवर सुमनआत्या मोडका पाय धरून हसत होती.

"भाऊ, तुमनीच नक्कल चालू शे!" सुनेने कळवलं. न कळवताही समजलं असतं.

अडीच तास चाललं. भरीत थंड झालं, कोणी हाक मारली नाही. मारून उपयोगही नव्हता.

संध्याकाळी अक्काने बायकोपुढे हात केले आणि दंडाकडे बोट दाखवलं. मला काळजी वाटली. पण ती हसत होती... तीन महिन्यांनी एवढं बोलली होती, हात भरून आले होते. बायकोने तेल कोमट करून चोळून दिलं.

असलं दुखणं आमच्या घरी दर रविवारी यावं.