जीप काढायची म्हणजे

जुनी जीप घरात असणं आणि म्हातारा घोडा दारात असणं यात फार फरक नसावा. घोडा मी कधी पाळला नाही, पण जीपचं सांगू शकतो. सकाळी ती एका हाकेत उठत नाही. आधी ग्लो लावून इंजिन तापायला थोडं थांबायचं, मग सेल्फ मारायचा, मग ती खोकते, थरथरते, काळा धूर सोडते आणि आसपासच्या खिडक्या धडाधड बंद होतात. स्टिअरिंगला इतकी ढील आहे की सरळ जायचं असलं तरी हात सतत हलवावे लागतात, दळण दळल्यासारखे. काचा नाहीत, दारंही नाहीत, दारांच्या जागी साखळ्या आहेत. खालचे स्प्रिंगचे पाटे इतके कडक की भायखळ्याचा पूल उतरताना पोटातलं अन्न जागा बदलतं.

आणि तरीही. उंच बसून हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून जाताना, दोन्ही बाजूंना लाखमोलाच्या गाड्या बंद पडून दिवे लुकलुकवत असतात आणि आपण फटफट आवाज करत मधून निघून जातो, तेव्हा मला आठवीत शाळा सोडल्याचं वाईट वाटत नाही. ते तेवढंच पाणी संपेपर्यंत. पलीकडे गेलं की परत काळजी सुरू, ब्रेक ओले झालेत, लागतील का?

ही जीप मला साहेबांनी दिली. मी खानदेशातून मुंबईत आलो तो टेम्पोवर क्लीनर म्हणून. पुढे लायसन्स काढलं आणि गिरगावात एका डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे ड्रायव्हर लागलो. त्यांना मी मॅडम म्हणतो. त्यांचे यजमान ते साहेब, धरणांच्या कामावरचे इंजिनिअर, तोवर निवृत्त झालेले. मॅडमची बंद काचांची गाडी मी चालवायचो आणि साहेबांची जीप साहेबच. रविवारी ते मला शेजारी बसवायचे आणि म्हणायचे, "ऐक इंजिन काय म्हणतंय." मला काही ऐकू यायचं नाही. मी मान डोलवायचो. मग एक दिवस त्यांनीच माझ्या हातात स्टिअरिंग दिलं, आणि जायच्या आधीच्या वर्षी जीप माझ्या नावावर केली. मी नको नको म्हणत होतो. ते म्हणाले, "गप रे. माझ्यामागे हिला भंगारात घालतील."

नावावर झाली, पण जीप राहिली गिरगावातच, त्यांच्या वाडीच्या आवारात, बदामाच्या झाडाखाली. लालबागला आमच्या चाळीपुढे स्कूटर लावायला भांडणं होतात, तिथे जीप कुठे लावणार? मॅडमनी दवाखाना बंद केल्यावर मी परत टेम्पोवर गेलो, भायखळ्याच्या भाजीबाजारातून माल उचलायचा. पण दर रविवारी गिरगावात जाऊन जीप धुवायची, आवारातल्या आवारात पुढे-मागे करायची, बिघडली की परळला दुरुस्तीला न्यायची, हे चालू ठेवलं. खरं सांगायचं तर मला ती कधी माझी वाटलीच नाही. साहेबांची जीप, फक्त कागदावर माझं नाव, असं मी मनात धरून होतो.

अशात एके सकाळी मॅडमचा फोन आला. मॅडम फोनवर बोलतात म्हणजे तार करतात.

"ऐक. जीप काढायचीय. या रविवारी नको, पुढच्या. तू बघशील ना सगळं?"

"हो मॅडम."

"आणि ते छत पण काढ. सीटा नीट पूस." फोन बंद.

मी बाजारात फ्लॉवरच्या गोणींमध्ये उभा होतो. तिथेच बसलो. जीप काढायची. आमच्या टेम्पोवाल्यांत गाडी काढायची म्हणजे एकच, विकून टाकायची. "कोणाला बोलेरो काढायची असेल तर सांग", हे आम्ही दिवसातून दहादा ऐकतो. शिवाय वाडी पुनर्विकासाला जाणार हे मला ठाऊक होतं. गेल्या रविवारीच दोन माणसं आवारात फीत धरून मापं घेत होती आणि बदामाच्या खोडावर खडूने काहीतरी आकडा घातला होता. सगळं जुळत होतं. फक्त छताचं जुळत नव्हतं. विकायची तर छत का काढायचं?

तुम्ही म्हणाल, परत फोन करून विचारायचं. मॅडमना दुसऱ्यांदा विचारणं मला जमत नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी एकदा "काय म्हणालात?" असं विचारलं होतं, तर म्हणाल्या, "मी डोळ्यांची डॉक्टर आहे. कानांचा गल्लीच्या तोंडाशी बसतो." हसूनच म्हणाल्या होत्या. पण मी तेव्हापासून जे ऐकू येईल त्यावर निभावतो. आणि विचारू तरी काय? ज्यांनी दिली त्यांनी न्यायची म्हटलं तर आपण कोण? गावाकडे माझ्या बापाकडे सायकलसुद्धा नव्हती.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "काढायची? अहो, एक आहे ना आपली. आता दुसरी कशाला काढताय?"

कारण आमच्या गावाकडे गाडी काढायची म्हणजे विकत घ्यायची. अमक्याने ट्रॅक्टर काढला, तमक्याने हप्त्यावर मोटारसायकल काढली. मी म्हटलं, "अगं, मॅडम म्हणतात काढायची." तिला वाटलं मॅडम म्हातारपणी नवी जीप घेतायत. "त्यांना गाडी येते चालवता?" मी हात जोडले.

मग परळला गेलो, मिस्त्रींकडे. हे मालवणचे, आधी गिरणीत फिटर होते, आता एका गाळ्यात जुन्या गाड्या बघतात. आमच्या जीपचा प्रत्येक नट त्यांच्या हाताखालून गेलेला आहे, आणि दर वेळी ते तिला शिव्या घालतात. मी मॅडमचा निरोप सांगितला.

"मगे बरोबर आसा ता," ते म्हणाले. "बाय काय चुकीचा बोलूक नाय. काढून टाक. गिरायक मी हाडतंय."

"पण मिस्त्री, साहेबांची आठवण..."

"आठवणीक डिझेल लागत नाय, झिला. हिका लागता."

त्यांनी दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक गाठून दिलं. कॉटन ग्रीनला गोडाऊन असलेला एक मंडप-डेकोरेशनवाला. तोंडात सतत बडीशेप, बोलायला गोड. त्याला लग्नासाठी जीप हवी होती. "आजकाल नवरी उघड्या जीपमधून येते ना दादा. उभी राहून, गॉगल लावून. मागे ढोल. आपण हिला पांढरी करू, खालून लाइट सोडू, बॉनेटवर मोर." मला मोर डोळ्यांसमोर दिसला. पण उघडी जीप हा शब्द ऐकला आणि छताचंही जुळलं. मॅडमना असंच गिऱ्हाईक हवं असणार! मी त्याला रविवारी सकाळी गिरगावात यायला सांगितलं.

मधले दिवस मी टेम्पो चालवत होतो की टेम्पो मला, सांगता येत नाही. एकदा कांदे लसणाच्या गाळ्यावर उतरवले. कधी वाटायचं, सुटलो. कंबर सुटली, आरटीओत फिटनेसचे हेलपाटे सुटले, मिस्त्रींच्या शिव्या सुटल्या. कधी वाटायचं, जाऊन तिच्यात बसावं आणि सरळ धुळ्यापर्यंत जावं. तिथवर ती पोचणार नाही हेही लगेच आठवायचं.

रविवारी लवकर गेलो. ताडपत्रीचं छत सोडवलं, घडी केली, सीटा पुसल्या. डेकोरेशनवाला स्कूटरवरून आला. बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "पत्रा ओरिजिनल," आणि सरळ पुढच्या सीटवर बसून फोटो काढायला लागला. तेवढ्यात मॅडम खाली आल्या. सुती साडी, पदर खोचलेला, मोठा काळा चष्मा, डोक्याला रुमाल बांधलेला. हातात पाण्याची बाटली.

"हे कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तो उठून उभा राहिला. "नमस्कार मॅडम. गाडी तुम्हीच काढताय ना?"

"मी? मला कुठे येते? हा काढणार."

"तेच ते. त्यानंच बोलावलं मला."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. "मग मागे बसा. पुढे मी बसणार."

तो मागे बसला. त्याला वाटलं ट्रायल आहे. मॅडमना वाटलं मी कुणी मित्र आणलाय. आणि मला काय वाटलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी ग्लो लावला, थांबलो, सेल्फ मारला.

"कुठे घेऊ मॅडम?"

"तू राहतोस तिकडे. मी कधी बघितलंच नाही."

बाहेर पडलो. त्या दिवशी ती एकदम शहाण्यासारखी चालत होती, त्याने मला जास्तच वाईट वाटत होतं. मॅडमनी एका हाताने डॅशबोर्डचा दांडा धरला होता. ऑपेरा हाउसपाशी सिग्नलला म्हणाल्या, "त्यांच्या हयातीत एकदा नाही बसले यात. सारखं म्हणायचे, चल. मी म्हणायची, धूळ जाते डोळ्यांत. जगाचे डोळे सांभाळत बसले." मी गिअर टाकला. मागून डेकोरेशनवाला म्हणाला, "सेकंडला खरखर आहे."

लालबागला आमच्या गल्लीत शिरलो ती चूक झाली. ही जीप वळायला मैदान मागते. चाळीपुढे एक वडापावची गाडी, एक पाण्याचा टँकर, आणि मधोमध आम्ही, आडवे. पुढे-मागे करता करता ती बंद पडली. सेल्फ मारला तर नुसती टिक टिक. मागे हॉर्न, वर खिडक्यांतून लोक. कोणीतरी ओरडलं, "ए, म्युझियम हलव!" माझी बायको गॅलरीत येऊन बघत होती.

डेकोरेशनवाला बिचारा उतरला आणि धक्का द्यायला लागला. दोघे-तिघे आले. एक धक्का, दोन धक्के, नाही. दम खायला तो थांबला आणि माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "दादा, आता फायनल बोला. या अवस्थेत पण घेतो मी. कधी देताय?"

"काय देताय?" मॅडमनी चष्मा काढला.

"ही जीप, मॅडम. तुम्ही काढताय ना."

"अरे, काढलीय ना! बसलेय मी तीत."

"नाही म्हणजे, विकायला काढताय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू विकतोयस?"

मी म्हटलं, "तुम्हीच फोनवर म्हणालात. जीप काढायची."

"काढायची म्हणजे बाहेर काढायची रे! फिरायला! वाडी सुटायच्या आधी एकदा!" त्या जवळजवळ ओरडल्याच.

"आमच्या लाइनीत काढायची म्हणजे विकायचीच," डेकोरेशनवाला म्हणाला.

वरून बायको म्हणाली, "मी तर म्हटलं होतं, घ्यायची!"

गल्ली हसली. टँकरवालासुद्धा हसला. मीही हसलो असेन. पण मॅडम हसत नव्हत्या. त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "आणि मी सांगितलं असतंच, विकून टाक म्हणून. तर तू विकली असतीस?"

"हो."

"का?"

"साहेबांची आहे, मॅडम."

"साहेब गेले. ती तुला दिली त्यांनी. मला विचारून दिली. मी म्हटलं होतं, याला झेपेल का? ते म्हणाले, त्याला झेपेल, पण तो विचारत बसेल." त्यांनी चष्मा परत लावला. "हे गृहस्थ थांबलेत. त्यांना उत्तर दे. माझ्याकडे नको बघू."

मी तरी त्यांच्याकडेच बघत होतो. मग डेकोरेशनवाल्याकडे बघितलं. तो घामाने निथळत होता, शर्टावर काळा डाग पडला होता. इतक्या चांगल्या माणसाला नाही म्हणायचं कसं? हो म्हटलं तर कमरेचं, पार्किंगचं, सगळ्याचं भलं होतं.

"नाही द्यायची," मी म्हणालो. माझ्याच तोंडून आलं ते.

त्याने खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली. "मग निदान नीट धक्का मारायला उतरा. माझी स्कूटर गिरगावात आहे."

मी उतरून खांदा लावला, ती हलताच उडी मारून आत बसलो, गिअर टाकला आणि गाडी चालू झाली. परत गिरगावला निघालो. जे. जे.च्या पुलावर वारा लागला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "छान आहे हे," आणि मागून तोही म्हणाला, "सस्पेन्शन सोडलं तर."

मला वाटलं होतं, एकदा नाही म्हटलं की मन शांत होईल. झालं उलटंच. इतके दिवस ती साहेबांची होती, बिघडली तरी माझ्या हातून साहेबांचं काही बिघडलं एवढीच भीती होती. आता बिघडली तर माझी बिघडते. मॅडम दादरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेल्या, तिथे त्यांनाच पार्किंग नाही. वाडी रिकामी होतेय. मी नायगावला जागेचं विचारलं, बीडीडी चाळींपाशी, तिथलंही तोडताहेत. मिस्त्री म्हणाले, "माझ्या गाळ्यात ठेव, पण मी रोज शिव्या घालतलंय." मला मॅडमचे उपकार वाटतात, साहेबांचे वाटतात, आणि जीपकडे बघितलं की हे उपकार आहेत की काय आहे, तेच कळत नाही.

गेल्या मंगळवारी टेम्पोला सुट्टी होती. मी कोणालाही न सांगता जीप घेऊन कॉटन ग्रीनला गेलो. तिथे जुन्या गोदामांच्या भिंतीलगत ट्रक उभे असतात, एखादी जागा मिळेल असं ऐकलं होतं. फाटकावर वॉचमन होता. त्याने जीपला एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि विचारलं, "गाडी कोणाची?"

मी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"अहो, तुम्हाला विचारतोय."

"माझी," मी म्हणालो, पण आवाज शेवटी असा वर गेला की तो प्रश्नच झाला. वॉचमन हसला. म्हणाला, "नक्की करा आणि मग आत घ्या."

मी क्षणभर क्लच दाबून तसाच बसलो. मग आत घेतली.