रजईतल्या चार बिया

बंबवाले काका आयुष्यभर घाईत जगले. आगीच्या बंबाचा ड्रायव्हर घाई नाही करणार तर काय करणार? घंटा झाली की भरल्या ताटावरून उठायचं, ही सवय. अशा माणसाला निवृत्तीनंतर छंद जडावा तो बियांपासून दुर्मिळ पाम वाढवण्याचा! त्या बीला मोड यायलाच कधीकधी वर्ष लागतं. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," काकू म्हणायच्या. काकांना ते मान्य होतं. सुधारणा मात्र शून्य.

त्यांचा सगळा जीव एका पामात अडकला होता. त्याचं नवं पान लालभडक उलगडतं आणि काही दिवसांनी हिरवं होतं. दूरच्या बेटावरच्या दोस्तानं त्याच्या दहा बिया पाठवल्या. सोबत निरोप होता, "झाड वादळात पडलं. या शेवटच्या."

काकांनी स्वयंपाकघरात पातेलंभर पाण्यात बिया सोडल्या. बुडेल ती भरीव, तरंगेल ती पोकळ, असा पामवाल्यांचा हिशेब. सहा बुडाल्या. त्या ओल्या नारळाच्या भुशात घालून, पिशवी बंद करून त्यांनी गिझरवर ठेवल्या, कारण या बियांना ऊब लागते. तरंगलेल्या चार मुठीत घेऊन ते कचऱ्याच्या डब्याकडे निघाले.

डबा बाहेरच्या खोलीत, काकूंच्या पलंगापाशी होता. झटका आल्यापासून काकूंची उजवी बाजू लुळी पडली होती. भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "या घरात गिझरलासुद्धा काम आहे हो. मीच तेवढी पडून."

डब्याशी पोचलेला हात काकांनी मागे घेतला.

"तुझ्याकडेच येत होतो," त्यांनी बेधडक थाप मारली. "गिझरवर जागा नाही उरली. या चार तुझ्या रजईत ठेवशील?"

"म्हणजे मी आता खुडूक कोंबडी?"

"तसंच समज."

काकू कितीतरी दिवसांनी हसल्या. भुशाची छोटी पिशवी त्यांनी लुळ्या हाताखाली ठेवून घेतली. पाहुणे आले तर, "जरा जपून, पोरं झोपलीत," असं बजावायच्या.

इकडे काका देव पाण्यात घालून बसले होते, पण स्वस्थ बसतील तर शपथ. रोज स्टुलावर चढायचे, पिशवी उघडायचे, बी काढून दाबून बघायचे. कधी भुसा सुकला, कधी पाणी जास्त झालं. एकेक बी मऊ पडून वास मारू लागली. सहावी बोटांत फुटली, तेव्हा काका स्टुलावरून उतरले ते थेट पलंगाच्या कडेला येऊन बसले.

"गेल्या सगळ्या," ते म्हणाले. "माझ्याच हातानं गेल्या."

काकूंनी डाव्या हातानं रजई बाजूला केली. "या बघा. उघडू नका, बाहेरूनच बघा."

एका बीतून पांढरा मोड निघून प्लास्टिकला टेकला होता. शेजारच्या बीलाही टोक फुटलं होतं. काकूंना एका हातानं पिशवी उघडता येत नव्हती, म्हणून ती बंदच राहिली होती.

काकांना रडूच फुटलं. आनंद होता आणि लाजही. लपवणं जमेना.

"अगं, मी खोटं बोललो. या तरंगलेल्या होत्या. मी टाकायलाच निघालो होतो."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"स्वयंपाकघरात मोठमोठ्यानं 'ही बाद, ही बाद' म्हणत होतात. उजवा हात गेलाय माझा, कान नाही गेलेत."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

काकूंनी पिशवी पुन्हा लुळ्या हाताखाली सरकवली.

"म्हटलं, बाद झालेल्यांनीच एकमेकांना धरून राहावं."

काकांनी रजई नीट केली, आपला हात काकूंच्या हातावर ठेवला आणि घंटेची सवय असलेला तो माणूस अंधार पडेपर्यंत तिथून हलला नाही.